अनुदान तुझं, सही माझी

वनिता, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, म्हणून आज लिहायला बसले. नाहीतर तुझ्यावर लिहायची माझी तयारी अजून झालेली नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकाला तुझ्यावर लेख हवा आहे. तुझ्या पदव्या, तुझे शोधनिबंध, सेवेची वर्षं सगळं ऑफिसातल्या फाइलमध्ये आहे, ते त्यांनी तिथून घ्यावं. मला तुझ्याशी बोलायचं आहे आणि तू फोन उचलत नाहीस.

प्रश्न साधा आहे. खाडीतल्या शिंपल्यांच्या अभ्यासासाठी तुला मिळालेलं संशोधन अनुदान आता परत करायचं, की अर्जात सहसंशोधक म्हणून माझं नाव होतं तर ते माझ्या नावावर करून काम पुढे न्यायचं? दिल्लीहून मेल आला आहे. मुख्य संशोधकाचं निधन झालं तर काय करायचं, याचाही त्यांच्याकडे नियम आहे. दोन पर्याय, प्रत्येकासमोर एक चौकोन, एकात खूण करायची. अशा चौकोनांत खुणा करण्यातच माझी नोकरी गेली. या वेळी मात्र हात उचलत नाही.

प्राचार्य सरांचं मत परत करण्याचं आहे. ते म्हणाले, "पवार मॅडम, तुमचा विषय संख्याशास्त्र. शिंपल्यांतलं तुम्हाला काय कळणार? उगाच ऑडिटचं टेन्शन. आपण सन्मानाने परत करू, सोबत एक छान पत्र लावू." माणूस वाईट नाही, हे तूच मला सांगायचीस. आणि त्यांचं म्हणणं खोटंही नाही. मी साताऱ्याची. कॉलेजला लागेपर्यंत मी समुद्रसुद्धा सहलीतच पाहिला होता. खाडी म्हणजे माझ्या लेखी पुलावरून जाताना दिसणारी काळपट पट्टी. शिंपली जिवंत आहे की मेलेली, हे तुला नुसत्या बोटाने कळायचं. मला ती ताटात वाढली तरी कुठून धरायची ते कळलं नव्हतं, आठवतं? तुझ्या वहिनींनी शेवटी मला अंड्याची पोळी करून दिली होती.

अनुदान मिळाल्याचा मेल आला त्या दिवशी तू स्टाफरूममध्ये येऊन माझ्यापुढे फोन ठेवलास आणि म्हणालीस, "वाच." मी वाचत खाली खाली गेले.

"अगं, पहिली ओळ वाच! अटी काय वाचत बसलीस?"

"अटी आधी वाचायच्या असतात."

"मिळालं ना पण?"

"मिळालंय."

"मग हस की जरा, यादीबाई. नाहीतर रड. काहीतरी कर."

मी ड्रॉवर उघडला आणि कागद काढून तुझ्या हातात दिला. अनुदान मिळाल्यावर काय काय करायचं, क्रमाने.

"हे तू आधीच लिहून ठेवलं होतंस?"

"मागच्या वेळी अर्ज केलास तेव्हाच."

"मागच्या वेळी मला मिळालं नव्हतं."

"म्हणून यादी जपून ठेवली."

तेव्हा तू माझ्याकडे जसं बघितलंस, त्याचं काय करायचं ते मला तेव्हाही कळलं नाही. मी चष्मा पुसला.

त्या कागदावरचं सगळं मला अजून पटतं. प्राध्यापकाला अनुदान मिळालं की सगळे पेढे मागतात, पुढचं कोणी सांगत नाही. मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत प्राचार्यांशिवाय कोणाजवळ बोलायचं नाही. मग आपलाच अर्ज पुन्हा काढून वाचायचा, कारण लिहिताना आपण काय काय कबूल करून बसलो ते मधल्या काळात विसरलेलं असतं. तासिका कमी करून घ्यायच्या, आणि त्याही तोंडी नाही, लेखी. बँकेत वेगळं खातं. मदतनिसाच्या जागेची जाहिरात लगेच, कारण सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. ज्यांनी शिफारसपत्रं दिली त्यांना आपणहून कळवायचं, त्यांना बाहेरून कळू द्यायचं नाही. आणि वर्षभर कुठल्याही नव्या समितीला हो म्हणायचं नाही. या शेवटच्या कलमाशी पोचलीस आणि इतकी मोठ्याने हसलीस की शिपाई बघायला आला. स्नेहसंमेलनाची अध्यक्ष तू, तक्रार समितीत तू, खरेदी समितीत तू.

कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवलीस, तळवलीला भावाच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर आपल्या घरी गेलीस, आणि पहिलं कलम पाळायच्या आधी वहिनींना सांगून मोकळी झालीस. दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स. तुझा हसरा फोटो, वर "आमच्या गावची लेक डॉ. वनिता म्हात्रे यांची शास्त्रज्ञपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन", आणि खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेल्या तुझ्या पुतण्यांची, चुलतपुतण्यांची रांग. प्राचार्य ठाणे-बेलापूर रस्त्याने येतात. त्यांनी सिग्नलला गाडी थांबली असताना तो वाचला.

"मॅडम, मला हे रस्त्यावरून कळावं?"

"सर, सगळ्यांनाच रस्त्यावरून कळलं. तुम्ही एकटे नाही," तू म्हणालीस.

मी तुला बाहेर ओढून आणलं. शास्त्रज्ञपदी निवड म्हणजे काय, असं विचारलं, तर तू म्हणालीस, "अगं, अनुदान लिहिलं असतं तर गावाला वाटलं असतं सरकारी मदत मिळाली. घर पडलं का म्हणून विचारायला आले असते."

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते झालंच. आधी कोणाला सांगायचं? मी म्हणे, ज्याची सही लागते त्याला. तू म्हणे, ज्यांच्या जिवावर अर्ज लिहिला त्यांना. "त्या बाया भरती-ओहोटी बघून चिखलात उतरतात, शिंपल्या काढतात. त्या आपल्यासोबत काम करतील, असं मी अर्जात लिहिलं. मिळाल्यावर त्यांना शेवटी सांगू?" प्राचार्यांनी रुसून तुझ्या तासिका कमी करायचं पत्र कितीतरी आठवडे अडवून धरलं, हे मी तुला प्रत्येक वेळी ऐकवत असे. तू दर वेळी म्हणायचीस, "बरं झालं, मला कुठे कमी करून हव्यात!"

हाच दुसरा वाद. प्रथम वर्षाचा वर्ग तू सोडायला तयार नव्हतीस.

"अनुदान काय शिकवायचं नाही म्हणून मिळालंय?"

"वेळ कुठून आणणार आहेस?"

"आणीन."

"कुठून, वनिता?"

"तुझ्याकडून. तू वेळेची डबे भरून साठवण करतेस, मला ठाऊक आहे."

मग तुझं परीक्षांचं पर्यवेक्षण मी करू लागले, तुझं स्नेहसंमेलनाचं अध्यक्षपदही माझ्याच गळ्यात आलं. वर्ग मात्र तू सोडला नाहीस. दिवाळीनंतर बघू म्हणालीस. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. तू इतकी धावपळ करायला नको होतीस. पण आता हे कोणाला सांगू? समोरून उलट उत्तर येत नसेल तर वाद जिंकल्यासारखा वाटत नाही. जेवण करून ठेवावं आणि जेवायला कोणीच नसावं, तसं होतं.

मी कामाचं वेळापत्रक करून आणलं त्या दिवशीचं तर मी विसरूच शकत नाही. शनिवारी प्रात्यक्षिकं नसतात, म्हणून मी वर्षभराचे शनिवार हिरव्या रंगाने भरले होते: मोजणी, मोजणी, मोजणी. तू कागद दूर धरून पाहिलास.

"छान आहे. फक्त खाडीला शनिवार कळत नाही गं."

"म्हणजे?"

"तिला तिथी कळते. अवस-पुनवेला उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी लांबवर जातं आणि खालचा चिखल उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी फारसं मागे हटतच नाही. तेव्हा तुझ्या अर्ध्या शनिवारी आपण दोघी कंबरेइतक्या पाण्यात उभ्या राहून काय मोजणार, माशांची डोकी?"

मी हिरवा कागद फाडून नवा केला, या वेळी पंचांग घेऊन. अवस-पुनव आल्या त्या नेमक्या सकाळच्या पहिल्या तासाला आडव्या. तू म्हणालीस, "आता खरं वेळापत्रक झालं. कॉलेजला गैरसोयीचं आहे म्हणजे बरोबर आहे." पहिली मोजणी अवसेला धरली. तू बायांना सांगून आलीस. लोखंडी चौकट बनवून घेतलीस, चिखलावर टाकून आतल्या शिंपल्या मोजायला. ती स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीमागे टेकवून ठेवलीस आणि माझी साडी त्यात अडकली म्हणून मी तुला बोलले.

एक गोष्ट तुला कधी विचारून घेतली नाही, ती आता विचारते. अर्जात माझं नाव का घातलंस? मोठ्या विद्यापीठातले तुझे ओळखीचे होते. त्यांचं नाव असतं तर पहिल्याच वेळी मिळालं असतं, हे तुलाही कळत होतं. मी पदवीच्या मुलांना सरासरी आणि मध्यक शिकवते, संशोधन सोडून मला जमाना झाला. तेव्हा तू हसण्यावारी नेलंस. "मोजायला कोणीतरी हवं ना. तू घरी पोळ्यासुद्धा मोजून लाटतेस." मी ते खरं मानलं, आणि आभार मानायचे राहून गेले. कागदावर माझं नाव "संशोधक" या शब्दाखाली छापलेलं मी किती वेळा उघडून पाहिलं, ते तुला सांगायला लाजले. वनिता, तुझे आभार.

तू गेल्याचं मला फोनवर कळलं. पण ते खरं वाटलं नव्हतं. मी फोन करणाऱ्याला नीट विचारलं, कधी, कुठे, कोण आहे जवळ, आणि पेनने लिहूनसुद्धा घेतलं. खरं वाटलं ते दुसऱ्या दिवशी नाक्यावर. फ्लेक्स तोच होता. तुझा तोच हसरा फोटो, खाली पुतण्यांची तीच रांग, फक्त गॉगल नव्हते. वर भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच बांबूंवर, त्याच उंचीवर. पोरांकडे तुझा दुसरा चांगला फोटो नसेल. तू फोटो काढूच द्यायची नाहीस. रिक्षावाल्याने मान वळवून बघितलं आणि म्हणाला, "या त्याच शास्त्रज्ञ बाई ना, म्याडम? आत्ताच तर निवड झालेली." मी "हो" म्हणाले. कॉलेज आलं तरी मला उतरायचं सुचेना. त्यानेच सांगितलं, आलं.

*

वरचं मंगळवारी लिहून उठले. काल तळवलीला जाऊन आले. परत करायचं असेल तर प्राचार्यांना उत्तर देण्याआधी घरच्यांच्या कानावर घालावं, एवढाच हेतू होता. तुझे भाऊ खाली भाडेकरूंच्या पाण्याच्या मोटरचं काहीतरी बघत होते, नुसती मान हलवून वर जायची खूण केली. वहिनी तुझ्या खोलीत तुझ्या साड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. मी शेजारी बसून घड्या घालू लागले. तुझी ती निळी नारायणपेठ माझ्या हातात आली. काठ जुळवायला मला फार वेळ लागला.

मी विषय काढायच्या आधी त्यांनीच काढला. शिंपल्यांना त्या शिवल्या म्हणतात.

"बाय, त्या शिवल्यांचं काय झालं मग?"

"त्याचंच विचारायला आले, वहिनी. कॉलेज परत करायचं म्हणतंय."

"परत म्हंजी?"

"काम होणार नाही."

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाल्या, "अवसेला बाया गेलत्या."

मला कळलं नाही. "कुठे?"

"खाडीवर. आमाला सुतक, आमी नाय गेलो. बाकीच्या गेल्या."

"पण वनिता तर..."

"ती गेली त्ये काय गावाला ठाव नव्हतं? सगल्या रडून आलेल्या हितं. पन दिवस तिनं दिलेला ना. म्हनून गेल्या. उभ्या राह्यल्या वाईच, आन आल्या परत. मोजायचं कसं त्ये ती दाखवनार होती. कोन दाखवनार?"

मी साडी मांडीवर ठेवली. वनिता, तू गेल्यावर कॉलेजने काय केलं ते सांगते. शोकसभा घेतली, वर्ग वाटून दिले, दिल्लीला कळवलं, मदतनिसाच्या मुलाखती रद्द केल्या. यातलं बरंचसं मीच केलं, आणि चोख केलं. आणि इथे गावात बाया पहाटे उठल्या, पाट्या घेतल्या, चिखलात जाऊन उभ्या राहिल्या. तू नाहीस हे ठाऊक असून. त्या दिवशी सुतक नसतानाही खाडीवर न गेलेली अशी एकच होती, सहसंशोधक, आणि ती कॉलेजात बसून मेल पाठवत होती.

"मोजणं मला येतं," मी म्हणाले.

"शिवल्या येतात?"

"नाही."

वहिनींनी पदराने नाक पुसलं. "मंग त्या आमाला येतात," म्हणाल्या आणि पुढची साडी घेतली.

*

शुक्रवारी सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, परत करायचं नाही."

"मॅडम, पुन्हा विचार करा."

"केला. तासिका कमी करून द्या, लेखी."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग म्हणाले, "म्हात्रे मॅडमनी कधी मागितल्या नाहीत."

"म्हणूनच मी मागतेय."

त्यांची सही झाली. तू असतीस तर माझ्यावर वैतागली असतीस. वैताग. मी मागे हटणार नाही. तुला सगळं एकाच वेळी करायचं होतं आणि मला माणसं जिवंत राहायला हवी आहेत. नव्या मुख्य संशोधकाचं नाव या रकान्यात मी माझं नाव घातलं. खाली सही केली. माझ्या इतक्या सह्यांत ती एक वेडीवाकडी आली आहे, दिल्लीवाल्यांना जुळवायला त्रास होईल.

बाहेर आले तर स्टाफरूममध्ये बातमी पोचली होती. आपली ती नवी रसायनशास्त्राची मुलगी खुर्चीवरून उठली, "अभिनंदन, मॅडम," म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मी धन्यवाद म्हणाले. दुसरं काय म्हणायचं असतं? मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून नुसती उभी राहिले.

पुनवेला गेले. सकाळच्या ओहोटीला, कॉलेजला कळवून. तू सांगितलेलं सगळं डोक्यात होतं आणि पायांना त्यातलं काही कळत नव्हतं. खारफुटी ओलांडली आणि पुढे नुसता चिखल, लांबवर चकाकणारा. बाया पाट्या घेऊन केव्हाच पुढे गेल्या होत्या. एकीने वळून हाक मारली, "वनिताची मास्तरीन आली गं!" दुसरी म्हणाली, "साडी वर खोच म्हनावं, नायतर चिखलच घिऊन जाशील घरी." सगळ्या हसल्या. मीही हसले. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"टाक पाय. खाली कडक हाय, बुडत नाय."

पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत गेला. दुसरा टाकला. चौकट मी खांद्यावर घेतली होती. तू बनवून घेतलीस तेव्हा तिचं वजन मी विचारलंही नव्हतं. एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. ठरलेल्या जागी पोचलो, चौकट खाली टाकली, मी वाकून दोन्ही हात चिखलात घातले, आणि बोटांना पहिली शिंपली लागली. गार, मिटलेली. ती जिवंत आहे की नाही ते तुला विचारायला मी मान वर केली.

वनिता, तू गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडले ते तिथे. शोकसभेत नाही, दहाव्याला नाही, तिथे. हात कोपरापर्यंत चिखलाचे, डोळे पुसता येईनात. पदरही भरलेला. कुठे तोंड लपवावं ते कळेना, तशीच ओणवी राहिले.

वहिनींनी माझ्या तळहातावरची शिंपली घेतली, अंगठ्याने दाबून पाहिली, पाटीत टाकली.

"जिती हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "वाहू दे. हितं सगलं खारंच पानी. लिव्ह, एक."

मी एक लिहिला. मग आम्ही दोघी पुढचं मोजायला लागलो.